वनौषधिविज्ञानाचे अध्यापन : पाऊणशे वर्षांची वाटचाल

औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाला आणि व्यवसायाला ज्या कायद्याने देशभर एक शिस्त लावून दिली, तो फार्मसी अधिनियम ४ मार्च १९४८ रोजी अस्तित्वात आला. त्याच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत वनौषधींच्या अध्ययनाचा साद्यंत इतिहास यावा, अशी संपादक मंडळाची इच्छा आहे. संस्थेचा इतिहास म्हटला की कोनशिला, देणगीदारांची नामावळी आणि पहिल्या तुकडीचे छायाचित्र यांची वाचकाला साहजिकच अपेक्षा असते. प्रस्तुत संस्थेला, म्हणजे वनौषधिविज्ञान या विषयाला, मात्र कोनशिला नाही. महाराष्ट्रातील शेकडो प्रयोगशाळांत, वनस्पतिसंग्रहांत, महाविद्यालयांच्या आवारातील औषधी उद्यानांत आणि तीनचार पिढ्यांच्या अध्यापकवर्गात ती विखुरलेली आहे, आणि विद्यार्थी तिला जिव्हाळ्याने ‘कॉग्नोसी’ असे म्हणतात. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, आयुर्वेद आणि व्यापार या चार घरांतून ती आली, चौघांनीही तिच्यावर आपापला हक्क सांगितला, आणि त्यामुळेच तिचे बालपण काहीसे ओढाताणीत गेले. या ओढाताणीच्या तपशिलात शिरण्याचे आज प्रयोजन नाही. ज्यांनी वाद घातले त्यांनीही शेवटी एकाच कामाला हातभार लावला. ते काम म्हणजे हातात आलेली मुळी, साल अथवा पाने ज्या नावाने विकली जातात त्याच वनस्पतीची आहेत की नाहीत, आणि असल्यास त्यांत गुण उतरला आहे की नाही, याचा निर्णय पुराव्यानिशी करणे.

पूर्वपीठिका : १८४५ ते १९३०

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि त्याबरोबर पाश्चात्त्य पद्धतीचे औषधिद्रव्यांचे अध्यापन या प्रांतात आले. विलायती औषधे बोटीने येत, महाग पडत आणि समुद्रप्रवासात पुष्कळदा निःसत्त्व होत. तेव्हा येथल्या बाजारात मिळणाऱ्या देशी द्रव्यांतून त्यांना पर्याय शोधावा, हा विचार प्रथम सरकारी काटकसरीतून निघाला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु काटकसरीतून निघालेल्या कामाला काही अभ्यासकांनी विद्येची प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांत डॉ. सखाराम अर्जुन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मुंबईत मिळणाऱ्या औषधिद्रव्यांची त्यांनी सिद्ध केलेली सूची १८७९ साली प्रसिद्ध झाली. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना करणाऱ्या आठ गृहस्थांत जे दोन भारतीय होते, त्यांपैकी ते एक, आणि दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग.

याच सुमारास विल्यम डायमॉक हे मुंबईत सरकारी औषधभांडाराच्या कामावर होते. पश्चिम हिंदुस्थानातील वनस्पतिज औषधांवरील त्यांचा ग्रंथ आणि पुढे वॉर्डन व हूपर यांच्या सहकार्याने १८९० ते १८९३ या काळात तीन खंडांत निघालेला ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हे आजही संदर्भासाठी उघडले जातात. डायमॉक यांच्या लेखनाचा विशेष असा की, ग्रंथातील वर्णन, पानाचा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा छेद आणि बाजारातील व्यवहार हे तिन्ही ते एका ठिकाणी आणतात : द्रव्य कोठून येते, कोणत्या नावाने विकले जाते, काय भावाने जाते आणि त्यात भेसळ कशाची होते. आजच्या प्रबंधांत पहिल्या दोन गोष्टी भरपूर असतात. तिसरी सहसा नसते, आणि ती असायला हवी होती असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि मेजर वामनदास बसू यांचा ‘इंडियन मेडिसिनल प्लँट्स’ हा चित्रमय महाग्रंथ १९१८ साली अलाहाबादेहून प्रसिद्ध झाला. तो छापून बाहेर पडलेला पाहणे कीर्तिकरांच्या नशिबी नव्हते, कारण १९१७ मध्येच त्यांचे देहावसान झाले. नाडकर्णी यांचा १९०८ साली निघालेला ग्रंथ १९२७ मध्ये ‘इंडियन मटेरिया मेडिका’ या रूपाने विस्तारला. मराठीतही काम थांबले नव्हते. वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘वनौषधि-गुणादर्श’ आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधिसंग्रह’ या ग्रंथांनी इंग्रजी न जाणणाऱ्या वैद्यांना आणि जिज्ञासू गृहस्थांना वनस्पतींची शास्त्रशुद्ध ओळख करून दिली. कारखानदारीतही पाऊल पडले होते : पनवेलचे धूतपापेश्वर १८७२ साली, सांडू बंधू १८९९ साली आणि झंडू १९१० साली.

या कालखंडातील एक गोष्ट आपल्या मराठवाड्याच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो प्रसिद्ध ग्रंथ रचला, त्यावर पश्चिम महाराष्ट्रातील वनौषधींचे पुढचे सारे अध्ययन उभे राहिले. पण इलाख्याची सरहद्द जेथे संपली तेथे ग्रंथाचा अधिकारही संपला. जाफराबाद, भोकरदन, जालना हा सगळा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. म्हणून कुकच्या पानांत त्याला स्थान मिळाले नाही. वनस्पतींना अर्थातच हुकूमत ठाऊक नसते, परंतु वनस्पतींच्या नोंदींना ती असते, आणि या वगळणुकीची भरपाई होण्यास जवळजवळ एक शतक लागले.

१९३० ते १९४० : चौकशी आणि पायाभरणी

औषधांच्या व्यापारातील भेसळ आणि अव्यवस्था यांविषयीच्या तक्रारी वाढल्यामुळे सरकारने १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. पुढच्याच वर्षी सादर झालेल्या अहवालाने औषधांवर कायद्याचे नियंत्रण असावे आणि ती तयार करणारा व विकणारा माणूस शिकलेला असावा, अशा दोन्ही शिफारशी केल्या. चोप्रांचा देशी औषधांवरील ग्रंथ १९३३ साली निघाला. इकडे काशी हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ पासून औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीशिक्षणाची मुहूर्तमेढ रोवली आणि मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला. श्रॉफ यांच्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी देशभर विखुरले. आज ज्याला आपण अभ्यासक्रम म्हणतो त्याचा मूळ मसुदा त्यांच्या वह्यांतून निघाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु या दशकातील ज्या कार्याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधावे असे वाटते, ते मुंबईच्या हाफकिन संस्थेत झाले. डॉ. म्हसकर आणि फादर कायस या दोघांनी सर्पदंशावर रामबाण म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तीनशेहून अधिक वनस्पती गोळा केल्या, त्यांची ओळख पटवली, त्यांचे निरनिराळे कल्प तयार केले आणि प्राण्यांवर विषप्रयोग करून प्रत्येकाची कसोटी घेतली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा निष्कर्ष कोरडा आणि स्पष्ट होता : यांपैकी एकही वनस्पती सापाच्या विषावर उतारा ठरत नाही. वनौषधींच्या गौरवार्थ निघणाऱ्या स्मरणिकांत या प्रबंधाचा उल्लेख सहसा आढळत नाही. वस्तुतः गौरवाचा पहिला मान त्याला दिला पाहिजे. खरिपाच्या हंगामात शेतात सर्पदंश होऊन दगावलेला माणूस ज्या गावाने पाहिला नाही असे गाव मराठवाड्यात विरळा. तेथे मुळी उगाळण्यात गेलेला अर्धा तास हा प्राणाचा अर्धा तास असतो. काय चालत नाही हे निर्भीडपणे सांगणे हाही या शास्त्राचा उपकारच आहे, आणि परंपरेविषयी पूर्ण आदर बाळगूनही तो करता येतो, हे या दोघांनी दाखवून दिले. कीर्तिकर-बसूंच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती सिद्ध करण्यातही वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लाटर यांच्यासह हेच दोघे होते, यावरून त्यांच्या आदराविषयी शंका घेण्यास जागा राहात नाही.

१९४० ते १९५० : कायदा आणि संक्रमण

औषधांचा कायदा १९४० मध्ये झाला आणि महायुद्धाने त्याची निकड पटवून दिली. जपानने १९४२ मध्ये जावा बेट घेतल्यावर सिंकोन्याच्या सालीचा पुरवठा तुटला. हिवतापाने ग्रासलेल्या देशात क्विनीन दुर्मीळ झाले, आणि औषधी वनस्पतींची लागवड ही हौसेची गोष्ट नसून राज्यकारभाराची बाब आहे, हे सरकारदरबारी प्रकर्षाने उमगले. आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने औषधशास्त्राच्या शिक्षणाची शिफारस केली. तत्कालीन मुंबई प्रांतात अहमदाबादचे एल. एम. कॉलेज ऑफ फार्मसी १९४७ साली निघाले, आणि वनौषधींच्या अध्यापनात त्याने लवकरच नाव मिळवले.

पुण्यात १९४६ साली प्राध्यापक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना केली. मालवणास जन्मलेले, कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करून निवृत्त झालेले हे गृहस्थ उतारवयात स्वस्थ बसण्याऐवजी एक नवी संस्था काढतात आणि तिचे संचालकपद १९६० साली मृत्यू येईपर्यंत सांभाळतात, ही गोष्ट त्या पिढीच्या प्रकृतीला शोभणारी होती. त्यांचेच नाव धारण करणाऱ्या त्या संस्थेकडे आज राज्यभरातील औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी आपापले नमुने ओळख पटवण्यासाठी घेऊन जातात.

मग आले १९४८ हे वर्ष. मार्चमध्ये फार्मसी अधिनियम झाला, आणि १७ सप्टेंबरला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. शेष देशात ज्या शिक्षणाची घडी त्या वर्षी बसू लागली, त्या शिक्षणाचा लाभ आपल्याकडे पोचायला पुढे किती वर्षे लागली, हे पुढील भागांत येईलच. कायद्यान्वये औषधविक्रेत्यांची पहिली नोंदवही तयार करताना पदवी अथवा पदविका नसलेल्या, परंतु पाच वर्षे दवाखान्यात औषधे तयार करण्याचा अनुभव असलेल्या मिश्रकांनाही सामावून घेण्यात आले; त्या काळाच्या गरजेनुसार ते योग्यच होते.

१९५० ते १९६० : सर्पगंधेचे दशक

फार्मसी अधिनियमाखालील शिक्षणविषयक पहिले विनियम १९५३ साली आले, स्वतंत्र भारताची पहिली औषधसंहिता १९५५ साली प्रसिद्ध झाली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय कार्यालय पुण्यास उघडले, आणि १९५७ मध्ये इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या कार्यकर्त्यांनी बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसीची स्थापना केली. सरकारी मदतीची वाट न पाहता व्यवसायातील लोकांनीच पुढची पिढी घडवण्यासाठी महाविद्यालय काढावे, हा प्रकार विरळ होता. नावे घ्यायची झाल्यास यादी फार लांबेल; ज्यांनी सायंकाळी कारखान्यातून सुटून व्याख्याने दिली, ज्यांनी बाटल्या व सूक्ष्मदर्शक मागून आणले, त्या सर्वांचे ते सामुदायिक श्रेय आहे.

या दशकावर मात्र खरी छाप पडली ती एका मुळीची. सर्पगंधेची मुळी उन्मादावर व निद्रानाशावर देण्याची पद्धत देशात जुनी होती. १९३१ मध्ये सेन आणि बोस यांनी तिच्या रक्तदाबावरील परिणामाची नोंद केली होती, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी केली होती. पण पाश्चात्त्य जगताचे लक्ष वेधले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या लेखाने. ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये १९४९ साली छापलेल्या या लेखात त्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपल्या अनुभवाचा शिस्तबद्ध ताळेबंद मांडला. तीनच वर्षांत, १९५२ मध्ये, बाझेल येथील सीबा कंपनीच्या संशोधकांनी रेसर्पिन वेगळे केले आणि डॉ. वकील यांना १९५७ साली लास्कर पारितोषिक लाभले.

परिणाम दुहेरी झाला. वर्गांतून सर्पगंधा हे आदर्श उदाहरण म्हणून शिकवले जाऊ लागले : परंपरा, रुग्णानुभव, रसायन आणि कारखाना अशी अखंड साखळी क्वचितच पाहायला मिळते. दुसरीकडे जंगलातून मुळ्या इतक्या झपाट्याने उपटल्या जाऊ लागल्या की, सरकारला निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. आणि मुळी महाग होताच तिच्याच कुळातील स्वस्त भाईबंदांची भेसळ सुरू झाली. आडवा छेद घेऊन, आयोडीनने स्टार्चकण आणि फ्लोरोग्लुसिनॉलने काष्ठमय पेशी रंगवून खरी मुळी कोणती आणि खोटी कोणती हे सांगण्याची विद्या विद्यार्थ्याला परीक्षेपुरती वाटे, तिचे मोल बाजारात काय आहे हे त्या दिवसांत प्रथम सर्वांना कळले.

१९६० ते १९८० : रसायनाचा वरचष्मा

औषधांच्या कायद्यात १९६४ साली सुधारणा होऊन आयुर्वेदिक आणि युनानी औषधांचा त्यात समावेश झाला. कागदोपत्री ही मोठी घटना. प्रत्यक्षात मानके ठरलेली नसल्यामुळे तिची बजावणी दीर्घकाळ सैल राहिली. महाविद्यालयांची संख्या हळूहळू वाढत होती. कराड आणि अमरावती येथील शासकीय संस्थांनी मुंबईबाहेरच्या विद्यार्थ्यांना दार उघडून दिले. क्रमिक पुस्तके मात्र वॉलिस, ट्रीझ अशा इंग्रज लेखकांची. त्यांतील बेलाडोना, डिजिटॅलिस आणि जेन्शियन या वनस्पती वाळलेल्या स्थितीत बरणीत पाहायच्या आणि सोडून द्यायच्या. आपल्या बांधावरील आघाडा, माका आणि पुनर्नवा यांना पुस्तकात जागा नव्हती. अहमदाबादच्या शहा आणि कादरी या अध्यापकांच्या पुस्तकाने ही उणीव काही अंशी भरून काढली.

संशोधनाचे केंद्र या काळात महाविद्यालयांतून कंपन्यांच्या प्रयोगशाळांत गेले. गोरेगाव येथे १९६३ साली सुरू झालेल्या सीबा संशोधन केंद्राचे संचालक डॉ. टी. आर. गोविंदाचारी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक भारतीय वनस्पतींचे रासायनिक पृथक्करण केले. सह्याद्रीत आढळणाऱ्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन विपुल प्रमाणात असते, हे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवले. हे द्रव्य वॉल आणि वाणी यांनी अमेरिकेत १९६६ साली एका चिनी वृक्षापासून काढले होते आणि कर्करोगावर ते गुणकारी असल्याचे संकेत मिळाले होते. मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात, ज्याचे मूळ लोणच्यात घालतात अशा माईनमुळापासून फोर्स्कोलिन मिळाले आणि पेशींच्या अंतर्गत व्यवहारांचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांना एक हत्यार लाभले. या यशाचे श्रेय प्रामुख्याने रसायनज्ञांचे. पण कोणती वनस्पती, कोणत्या ऋतूत, कोणत्या जंगलातून आणायची हे सांगणारे वनस्पतिज्ञ पडद्याआड राहिले, याची नोंद इतिहासाने घ्यावी.

१९८० ते १९९० : गावोगावी महाविद्यालये

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा झाला. दोन वर्षांनी वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालयांना मंजुरी देण्याचे धोरण स्वीकारले. त्या धोरणाच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली आहे, पुढेही होत राहील. परंतु ज्या जिल्ह्यांतील मुलांना औषधनिर्माणशास्त्र शिकण्यासाठी मुंबई-पुण्यास राहण्याचा खर्च झेपणारा नव्हता, त्यांना हे शिक्षण एस.टी.च्या एका मुक्कामावर आले, हे नाकारता येणार नाही. पुण्यात भारती विद्यापीठाचे पूना कॉलेज ऑफ फार्मसी याच दशकाच्या प्रारंभी निघाले आणि वनौषधींच्या रसायनावरील संशोधनाचे एक प्रमुख केंद्र बनले.

दशकाच्या अखेरीस दोन ग्रंथ आले. भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेचा पहिला भाग १९८९ मध्ये निघाला, आणि त्यामुळे १९६४ च्या सुधारणेला पंचवीस वर्षांनी का होईना मापदंड मिळाला. दुसरा ग्रंथ म्हणजे कोकाटे, पुरोहित आणि गोखले यांचे पुण्याहून १९९० साली प्रकाशित झालेले ‘फार्माकोग्नॉसी’. या पुस्तकाची शैली कोणी ललित म्हणणार नाही, पण देशी वनस्पतींना त्यात मानाने पंगतीत बसवलेले आहे. खंडेलवाल यांच्या प्रात्यक्षिकाच्या पुस्तकासह ते राज्यातील जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या दप्तरात गेले.

१९९० ते २००० : हळद, नरक्या आणि मराठवाड्याची भरपाई

अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाला जखमेवर हळद वापरण्याबद्दल १९९५ साली पेटंट मिळाले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्यास हरकत घेतली. जुने संस्कृत ग्रंथ, नियतकालिके असा लेखी पुरावा दाखल केला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आजीने हळद लावली, एवढे सांगून भागत नाही, ते कोठे लिहून ठेवले आहे हे दाखवावे लागते, हा धडा त्या खटल्याने घालून दिला. कित्येक महाविद्यालयांत गावोगावच्या औषधी माहितीच्या संकलनाचे प्रकल्प त्यानंतरच हाती घेतले गेले.

दुसरी घटना इतकी सुखावह नव्हती. कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेल्या दोन औषधांना अमेरिकेत १९९६ मध्ये परवानगी मिळाली आणि सह्याद्रीतील नरक्याला अकस्मात भाव चढला. खोडे तोडून, तुकडे करून, ट्रकांतून बेकायदा वाहतूक सुरू झाली आणि वनखात्याला छापे घालावे लागले. प्रयोगशाळेतील शोध आणि जंगलातील कुऱ्हाड यांच्यामध्ये लागवडीची योजना नसली तर काय होते, याचे प्रात्यक्षिकच महाराष्ट्राने पाहिले. सर्पगंधेने जे एकदा शिकवले होते, ते आपण विसरलो होतो.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर या दशकातील सर्वांत मोलाची घटना वृत्तपत्रांत फारशी गाजली नाही. मराठवाडा विद्यापीठातील प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरील द्विखंडात्मक ग्रंथ १९९८ साली प्रकाशित झाला. कुकच्या ग्रंथाने जो मुलूख वगळला होता, त्याची पद्धतशीर नोंद त्यामुळे उपलब्ध झाली. आज आपल्या भागातील कोणतीही वनस्पती अभ्यासायची असल्यास पहिले पान याच ग्रंथाचे उघडावे लागते.

२००० नंतर : यंत्रे आणि मंडळे

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ नोव्हेंबर २००० मध्ये स्थापन झाले, आयुर्वेदिक कारखान्यांना उत्तम उत्पादनपद्धतीचे नियम त्याच वर्षी लागू झाले, आणि २००२ चा जैवविविधता कायदा आल्यावर गावची वनस्पती वापरणारा उद्योग गावाचे देणे लागतो हे तत्त्व कायद्यात उतरले. भारतीय औषधसंहितेतून एके काळी जवळजवळ हद्दपार झालेली वनौषधिद्रव्ये या दशकात पुन्हा तिच्यात आली. प्रयोगशाळांत द्रव्यातील घटक वेगळे करून दाखवणारी एचपीटीएलसीसारखी यंत्रे आली. २०१४ साली आयुष मंत्रालय स्वतंत्र झाले. फार्मसी परिषदेच्या नव्या सत्रपद्धतीत वनौषधिविज्ञानाबरोबर ‘हर्बल ड्रग टेक्नॉलॉजी’ हा स्वतंत्र विषय आणि वनौषधींच्या गुणवत्तानियंत्रणाचा ऐच्छिक विषय समाविष्ट झाला. म्हणजे पान ओळखण्यापासून गोळी, अर्क व सौंदर्यप्रसाधन बाजारात आणण्यापर्यंतचा सारा प्रवास आता अभ्यासक्रमात आहे.

करोनाच्या साथीने या अभ्यासक्रमाची कसोटी घेतली. घरोघर गुळवेलीचे काढे उकळू लागले. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने उत्तरादाखल, तिच्याच जातकुळीतील दुसरी वेल गुळवेल म्हणून वापरली गेली असण्याची शक्यता पुढे केली. त्या वादाचा निर्णय काहीही असो, दोन्ही पक्षांच्या युक्तिवादाच्या मुळाशी एकच प्रश्न होता : रुग्णाने नेमकी कोणती वेल उकळली? आणि त्याचे उत्तर जपून ठेवलेला, ओळख पटवलेला नमुनाच देऊ शकतो. अशोकाच्या सालीऐवजी आसुपालवाची साल, ब्राह्मीच्या नावाखाली दोन भिन्न वनस्पती, शंखपुष्पीच्या नावाखाली तर त्याहूनही अधिक, हे प्रकार जाणकारांना जुनेच आहेत. साथीने ते चव्हाट्यावर आणले इतकेच.

सद्यःस्थिती आणि आपला तालुका

पदवीसाठी लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि पदविकेसाठी राज्य तंत्रशिक्षण मंडळ, अशी मराठवाड्यातील अनेक महाविद्यालयांची आजची व्यवस्था आहे. औषधी वनस्पतींचे उद्यान प्रत्येक ठिकाणी असावे असा फार्मसी परिषदेचा दंडक आहे, आणि तपासणीच्या सुमारास ही उद्याने विशेष टवटवीत असतात, असे थट्टेने म्हटले जाते. थट्टा सोडून दिली तरी एक उणीव राहतेच : अडुळसा, तुळस, कोरफड, शतावरी यांची तीच ती वाफ्यांची रांग सर्वत्र दिसते, आणि कुंपणापलीकडे वाढलेली वनस्पती विद्यार्थ्याच्या लक्षात येत नाही.

त्या कुंपणापलीकडे काय आहे, ते आपल्याच तालुक्यात पाहू. टेंभुर्णी हे जाफराबाद तालुक्यातील गाव. खेळणा आणि पूर्णा यांच्या संगमावर तालुक्याचे ठाणे, सभोवार काळी जमीन, मधूनमधून मुरमाड माळ आणि ओढ्याकाठची झुडपे. येथे घनदाट अरण्य नाही, म्हणून येथे वनौषधीही नाहीत असा समज पुष्कळांचा असतो आणि तो साफ चुकीचा आहे. पावसाळ्यात पडीक रानात माजणारा टाकळा घ्या. सोनामुखीच्या पानांत ज्या वर्गाची रेचक द्रव्ये असतात त्याच वर्गाची द्रव्ये त्याच्या बियांत आहेत, आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला अमोनियाच्या थराला येणारा गुलाबी रंग बरणीतल्या विकतच्या सोनामुखीइतकाच या बियांवरही पाहता येतो. माळावरचा सराटा म्हणजे वैद्यांचे गोखरू. उकिरड्याकडेची घेटुळी म्हणजे पुनर्नवा. ओढ्यातली निर्गुडी, बांधावरचा आघाडा, निंबावर चढलेली गुळवेल, शिवारातली भुईआवळी आणि माका : पदवीच्या अभ्यासक्रमातील कितीतरी प्रकरणे चालत जाऊन पाहता येतील अशी आहेत.

आर्थिक बाजूचाही विचार व्हावा. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या परिसरात बारी समाजातील शेतकरी पानमळ्यांच्या जोडीने लेंडी पिंपळीचे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेत आले आहेत. म्हणजे औषधी पीक ही विदर्भ-मराठवाड्याला परकी कल्पना नाही. मात्र मध्यंतरी सफेद मुसळीच्या नावाने जी हूल उठली आणि विक्रीची खात्री न करता अनेकांनी महागडे बेणे विकत घेतले, ती पाहता लागवडीचा सल्ला देण्यापूर्वी खरेदीदार कोण, त्याला कोणत्या प्रतीचा माल लागतो आणि ती प्रत तपासणार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे शेतकऱ्याला लेखी मिळाली पाहिजेत. बियाण्याच्या धंद्यामुळे देशभर नाव झालेल्या जालना जिल्ह्याला शुद्ध बेण्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. प्रत तपासण्याचे काम स्थानिक औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा करू शकतात. राखमान, आर्द्रता, अर्काचे प्रमाण आणि सूक्ष्मदर्शकाखालील ओळख यांसाठी लागणारी साधने त्यांच्याकडे अभ्यासक्रमासाठी आहेतच, आणि वर्षाचा बराच काळ ती झाकून ठेवलेली असतात.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती आहे. जाफराबाद तालुक्यातील औषधी वनस्पतींचा एक नमुनासंग्रह टेंभुर्णीत उभा राहावा. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या शिवारातून फुलाफळांसह नमुने आणावेत, ते दाबून, वाळवून, जाड कागदावर चिकटवावेत. प्रत्येकावर गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, गावातले बोलीनाव आणि सांगितलेला उपयोग लिहावा. अध्यापकांनी नाईकांच्या ग्रंथाशी ताडून, आणि शंका राहिल्यास पुण्याच्या आघारकर संस्थेकडे अथवा वनस्पति सर्वेक्षणाकडे पाठवून, त्यांची ओळख पक्की करून घ्यावी. ज्या वडीलधाऱ्यांना, सुईणींना, मेंढपाळांना आणि वैद्यांना झाडपाल्याची माहिती आहे, त्यांनी ती सांगावी आणि सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने नमुन्याखाली नोंदले जावे. ग्रामपंचायतींच्या जैवविविधता नोंदवहीत या माहितीची प्रत जावी, म्हणजे कायद्याने दिलेला हक्क कागदावर शाबूत राहील. कामाला पावसाळ्याच्या आरंभी हात घातला तर दिवाळीपर्यंत बहुतेक वनस्पती फुलून गेलेल्या असतात. ज्यांना या कामात सहभागी व्हावयाचे असेल, त्यांनी जवळच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील वनौषधिविज्ञान विभागाशी येत्या मृगाच्या आत संपर्क साधावा.